चावीची मुदत

(दृश्य: काळा पडदा. मधोमध उलटे मोजणारे आकडे, ४७:५९:५८.)

परवा संध्याकाळी भाड्याने घेतलेला चित्रपट अर्धा पाहून ठेवला होता. आज लावला, तर पडद्यावर एकच ओळ: मुदत संपली आहे. फाइल मात्र होती तिथेच आहे, तिचा एक बाइटही कमी झालेला नाही. मग संपलं काय?

संपली ती चावी.

असा चित्रपट मुळात कुलूपबंद होऊनच आपल्यापर्यंत येतो. कुलूप एईएस नावाच्या, फाइल चावीशिवाय वाचता येऊ नये अशी बदलून टाकणाऱ्या पद्धतीचं; चावी म्हणजे सहसा १२८ बिटांचा आकडा. आपण प्ले दाबतो तेव्हा प्लेअर दूरच्या सर्व्हरकडे परवाना मागतो. त्या परवान्यात चावी असते, पण तीही गुंडाळलेली, त्या एका उपकरणालाच उलगडेल अशी. आणि चावीसोबत अटी असतात. गूगलची वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी, ॲपलची फेअरप्ले, कुलूप-परवान्याच्या या तिन्ही प्रणालींचा गाभा हाच.

(दृश्य: दोन घड्याळं. एक चालू, दुसरं थांबलेलं.)

भाड्याच्या परवान्यात बहुधा दोन घड्याळं असतात. पहिलं पैसे भरताच सुरू होतं, बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांचं. दुसरं आपण पहिल्यांदा प्ले दाबेपर्यंत थांबून राहतं. दाबलं की ४८ तास.

आणि चित्रपट चालू असतानाच या दुसऱ्या घड्याळाची वेळ संपली तर? शेवटची दहा मिनिटं उरली असताना? वाइडवाइनमध्ये दोन्ही सोयी आहेत: तिथल्या तिथे तोडता येतं, किंवा सुरू असलेलं पूर्ण होऊ देता येतं. परवान्याच्या अटी ठरवताना कुणीतरी यातला एक पर्याय निवडतं. त्या निवडीत समोरच्या माणसाचा विचार झालाय की नाही, ते मला तिथेच कळतं.

फोनची तारीख मागे नेऊन मुदत वाढवायचा प्रयत्न पुष्कळांनी केला असेल. म्हणून प्लेअर शेवटची पाहिलेली वेळ जपून ठेवतो. घड्याळ त्याहून मागे गेलेलं दिसलं, की मुदतीचा परवाना चालत नाही.

ही कल्पना स्ट्रीमिंगच्या आधीची आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत डिव्हएक्स नावाच्या डिस्क विकायला आल्या. पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चित्रपट दिसायचा, पुढे पाहायचा तर पुन्हा पैसे. हिशेबासाठी प्लेअर टेलिफोनच्या तारेने कंपनीशी बोलायचा. १९९९ च्या जूनमध्ये धंदा गुंडाळला गेला, २००१ मध्ये ती यंत्रणाही बंद झाली आणि डिस्क निरुपयोगी झाल्या.

(दृश्य: ई-पुस्तकाचं पान हळूहळू पुसट होतं.)

मुदत वाईटच, असं मी म्हणणार नाही. ग्रंथालयाचं ई-पुस्तक ठरलेल्या दिवशी आपोआप परत जातं. दंड नाही, हेलपाटा नाही, रांगेतल्या पुढच्या वाचकाला प्रत मिळते. उसनं घेतलेलं परत करण्यात अन्याय कसला?

माझा आक्षेप आहे तो न सांगितलेल्या मुदतीला. २०१९ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान पूर्ण बंद केलं. लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले, हे खरं. ज्यांनी पुस्तकांत खुणा केल्या होत्या, टिपणं लिहिली होती, त्यांना वर २५ डॉलर दिले. त्या पुस्तकांवर तारीख कुठेच छापलेली नव्हती. सर्व्हर चालू असेपर्यंत, एवढीच त्यांची मुदत होती.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून याबाबत कायदा लागू आहे. मिळतो तो नुसता परवाना असेल, तर विक्रेत्याला ‘खरेदी करा’ असं मोघम लिहून चालत नाही. हा परवाना आहे, हे ग्राहकाला तिथेच स्पष्ट सांगावं लागतं.

(दृश्य: ‘खरेदी करा’ असं बटण. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, एक तारीख उमटते.)