सावलीचं माप आणि आइन्स्टाइनची परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर बरं, एक छोटं गणित करायचं आहे.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे 43 लाख पट आहे. सापेक्षता सिद्धांतात दर सूर्यामागे लांबीचं एक माप येतं, दीड किलोमीटरला थोडं कमी. त्याला 43 लाखांनी गुणलं की जवळपास 64 लाख किलोमीटर होतात. त्याला पुन्हा सिद्धांतातूनच येणाऱ्या 10.4 ने गुणा. 6 कोटी 60 लाख किलोमीटर, हा झाला सावलीचा, म्हणजे कृष्णविवरानं प्रकाश गिळल्यामुळे दिसणाऱ्या काळ्या वर्तुळाचा, व्यास. 27,000 प्रकाशवर्षांवरून तो 53 मायक्रोआर्कसेकंद दिसायला हवा (एका अंशाचे 3600 आर्कसेकंद, आणि त्या एकाचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोआर्कसेकंद). म्हणजे इंदुरात बसून भोपाळमधल्या केसाची निम्मी जाडी मोजायची!

इव्हेंट होरायझन टेलिस्कोपनं, म्हणजे पृथ्वीभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यानं, मे 2022 मध्ये या कृष्णविवराचं चित्र प्रसिद्ध केलं. त्यातून निघालेली सावली 48.7 मायक्रोआर्कसेकंद, चूक 7 इकडे-तिकडे. आइन्स्टाइन पास.

परीक्षा खरी आहे ती त्या 10.4 ची. कृष्णविवर स्वतःभोवती कितीही वेगानं फिरो, हा आकडा 9.6 च्या फारसा खाली जात नाही. गुरुत्वाकर्षणाचे काही पर्यायी सिद्धांत मात्र वेगळा आकडा देतात.

पण वस्तुमान चित्राबाहेरून कळलं पाहिजे. इथे ते एस-2 सारख्या ताऱ्यांनी दिलं. एस-2 कृष्णविवराभोवती 16 वर्षांत एक फेरी मारतो. एम-87 या दुसऱ्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराबाबत हीच अडचण होती. ताऱ्यांच्या वेगावरून 6.2 अब्ज सूर्य, वायूच्या वेगावरून 3.5 अब्ज. 2019 च्या चित्रातल्या 42 मायक्रोआर्कसेकंदांच्या चमकत्या कड्यावरून 6.5 अब्ज निघाले. आता हेच 6.5 घेऊन सिद्धांत तपासला तर उत्तर बरोबरच येणार, कारण ते आपणच आधी गृहीत धरलेलं! म्हणून ताऱ्यांचं वस्तुमान घेतात. त्यानं सिद्धांत सुमारे 17 टक्क्यांच्या आत जुळतो.

दुसरी गफलत कड्याची. चमकतो तो तप्त वायू, आणि त्याचं कडं म्हणजे सावलीची कड नव्हे. आपल्या केंद्रातलं कडं 51.8 भरलं, सावली 48.7. हा फरक काढायला संगणकावर निरनिराळ्या वायुस्थितींची असंख्य चित्रं तयार करावी लागतात, आणि मापातल्या अनिश्चिततेचा मोठा वाटा तिथूनच येतो. त्यात इथला वायू मिनिटामिनिटाला पालटतो, निरीक्षण मात्र रात्रभर चालतं. कड्याची एक बाजू जास्त उजळ दिसते तीही मुख्यतः वायूच्या गतीमुळे. त्यावरून थेट गुरुत्वाचे निष्कर्ष काढू नयेत.

शिवाय क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा, नसलेले काही काल्पनिक पिंडही जवळजवळ एवढीच सावली पाडू शकतात. त्यांना वेगळं ओळखायला चित्र बारीक हवं. पण 1.3 मिलिमीटरच्या लहरी आणि पृथ्वीएवढी दुर्बीण यांची मजल 20 ते 25 मायक्रोआर्कसेकंदांपर्यंतच. 2024 मध्ये 0.87 मिलिमीटरवर दूरदूरच्या दुर्बिणींचे संकेत जुळल्याचं जाहीर झालं. त्यानं ही मर्यादा थोडी खाली येईल. जाड कड्याच्या आत लपलेलं, कृष्णविवराला वळसा घालून आलेल्या प्रकाशाचं बारीक कडं वायूवर फारसं अवलंबून नसतं. ते सुटं मोजायला एक दुर्बीण अवकाशात न्यावी लागेल.