बटन

(दृश्य: चाकूर तालुका, उन्हाचं रान)

एप्रिल 2025. लातूर जिल्ह्यातल्या रोहिणा गावात छापा पडला, 11.36 किलो मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’ नावाचा नशेचा माल, सापडलं. त्याआधी, ऑक्टोबर 2023 मध्ये, पैठण एमआयडीसीत अमली पदार्थांवर कारवाई झाली. दोन्ही बातम्या गाजल्या. माल पकडायलाच हवा. पण माल विकणारा आणि तो पोटात घालणारा, दोघांना आपण एकाच मापानं मोजतो.

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर, संध्याकाळची गल्ली)

इथं पोरं तिला ‘बटन’ म्हणतात. गोळी झोपेची, नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम. चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी. काही जण वर कोडीनवालं खोकल्याचं सिरप पितात, काही जण दारू. या मिश्रणानं श्वास मंदावतो, कधी थांबतोच.

घरी कळलं की पोराला खोलीत कोंडतात. ‘दोन दिस तडफडंल, मग येईल वळणावर.’ बटनच्या बाबतीत हेच जिवावर बेततं. महिनोन्‌महिने खाल्लेली गोळी एकाएकी तोडली, तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जातो. कोठडीत टाकलं तरी धोका तोच. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवत नेतात. गोळी देऊनच गोळी सोडवायची! बापाला हे पटवणं सोपं नाही.

हानी कमी करणं म्हणतात ते हेच. व्यसन सुटायला वेळ लागेल, तोवर माणूस जगला पाहिजे. सुईनं ब्राऊन शुगर घेणाऱ्यांसाठी आपलं सरकारही हे करतं. एचआयव्ही पसरू नये म्हणून ‘नॅको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, कार्यक्रमात नव्या सुया मिळतात, ब्राऊन शुगरऐवजी घ्यायचं औषध ब्युप्रेनॉर्फिन मिळतं. रोजची तलफ औषधानं भागली, की तिच्यासाठी मोबाईल हिसकावायची निकडही कमी होते. मेफेड्रोनला मात्र असं पर्यायी औषध नाही. तिथं समुपदेशन आणि चिकाटी, एवढंच हाताशी उरतं.

(दृश्य: न्यायालयाचा व्हरांडा)

1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच एक वाट आहे. कलम 64अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले, तर ही सवलत काढून घेता येते.

व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे 14446. फोन मोफत आहे. कुणी बेशुद्ध पडलेलं दिसलं, तर त्याला कुशीवर वळवा, 108 लावा आणि त्यानं काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा.