दोरीवरचा सातबारा

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. दोरीवर वाळत घातलेले कागद. पाठीमागे चिखल ओढणाऱ्या खराट्याचा आवाज.)

शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधलीय. दोरीला चिमटे, आणि चिमट्यांना कागद लटकतायत. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. शाई पसरलीय, पण नावं लागतात. खाली चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक बाक. बाकावर वकील बसलेत. अंगात काळे कोट नाहीत, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. कोर्टातल्या तारखा पुढे घेऊन ही मंडळी इथं आलीत. फी घेत नाहीत.

(दृश्य: वरून दिसणारं पाणी. उसाचे शेंडे, देवळाचं शिखर.)

ऑगस्ट २०१९. शिरोळ तालुका. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, चार नद्यांचं पाणी या तालुक्यानं पाहिलेलं. पूर इथं नवा नाही. नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांवर पाणी चढलं की लोक दक्षिणद्वार सोहळ्याला जमतात. पण त्या वर्षी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला.

पाणी ओसरलं. मग आला पंचनामा.

(दृश्य: पांढऱ्या मातीची भिंत. तिच्यावर पुराची रेघ. एक हात भिंतीला टेकतो.)

ही भिंत नीट बघा. पंचनामा झाला त्या दिवशी ती उभी होती. म्हणून कागदावर आलं, ‘अंशतः पडझड’. मातीची भिंत पाण्यात असते तोवर कधीकधी तग धरते. ऊन लागलं, वाळायला लागली, की तळातून सुटते. आठवड्यानं ही मागची बाजू बसली.

आपत्ती मदतीच्या त्या वेळच्या निकषांत, पूर्ण पडलेल्या किंवा राहण्याजोग्या न उरलेल्या घराला ९५,१०० रुपये होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ५,२०० आणि कच्च्याला ३,२००. मध्ये फरक एका शब्दाचा. तो शब्द गावकामगार तलाठी आणि ग्रामसेवक लिहितात, एका दिवसात कित्येक घरं फिरून, चिखलात उभं राहून. त्यांच्यावर दोष टाकण्यासाठी हे सांगत नाही. पण ज्याचं घर आहे त्याला तो शब्द तेव्हाच वाचता आला पाहिजे, आणि चुकला असेल तर लगेच हरकत घेता आली पाहिजे. म्हणून वकिलानं कोर्टात थांबून चालत नाही. त्याला भिंतीपाशी यावं लागतं.

(दृश्य: वकीलबाई मोबाईलवर भिंतीचा फोटो काढतात. समोर आजी.)

“आजी, घर कुणाच्या नावावर आहे?”

“सासऱ्याच्या. माझ्या नावावर काय न्हाई, बाई.”

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. वारस नोंद कुणी केली नाही. करायची वेळच आली नव्हती. आता वकीलबाई मांडीवर पॅड घेऊन लिहितायत: फेरपंचनाम्याचा अर्ज, तहसीलदारांच्या नावे. सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो, तारखेसह. दोन शेजाऱ्यांचे जबाब. मग वारसांचं संमतीपत्र, कारण दोन नणंदा आहेत आणि त्यांचाही हक्क आहे. शेवटी प्रतिज्ञापत्र. आजी विचारतात, शंभराचा स्टँप आणायचा का? नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. हे एवढं एक वाक्य त्या दिवशी व्हरांड्यात कितीदा सांगावं लागलं!

(दृश्य: रांग. पोरं, बायका, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या.)

रांगेतला दुसरा प्रश्न: “पाणी दोन दिवस घरात असायलाच पायजे का?” मोफत धान्याच्या शासन आदेशात दोन दिवसांहून जास्त काळ घर पाण्यात असण्याची अट होती. त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. छातीएवढं पाणी दीड दिवस राहिलं तर धान्य भिजत नाही का, असं लोक विचारत होते. बरोबरच विचारत होते.

(दृश्य: किराणा दुकान. फुगलेली पोती, फळीवरची पुराची रेघ.)

या दुकानदाराकडे पॉलिसी आहे, दावा मात्र नाकारलाय. वकील आधी नकाराचं पत्र मागतात, तोंडी नकार ऐकून घेत नाहीत. मग दोन वाटा. विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार, तिथं फी नाही आणि वकीलही उभा राहू शकत नाही. अर्ज तेवढा लिहून द्यायचा. किंवा ग्राहक मंच (आता ग्राहक आयोग), दोन वर्षांच्या आत.

आणि हे सगळं कुणाची मेहरबानी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेल्या माणसाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलाय. उत्पन्न कितीही असो. वकील मिळाला नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करता येतो, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन.

(दृश्य: तहसील कार्यालयाची खिडकी. पोच म्हणून शिक्का पडतो.)

अर्ज गेले. काही मंजूर झाले, काही अडकले.

(दृश्य: संध्याकाळ. व्हरांडा रिकामा होतोय.)

आजी चिमट्यातून आपला सातबारा काढतात. वाळलाय, पण कडक झालाय, घडीवर तुटेल असा. वकीलबाई त्याची घडी घालू देत नाहीत. वहीच्या पुठ्ठ्यात सपाट ठेवतात, वरून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला गाठ.

मग दोरी सोडतात. गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतात, चिमट्यांसकट. उद्या नदीपलीकडच्या गावात लागणार आहे.