बोका कुंथतोय, पण लघवी होत नाहीये: आधी हे बघा

नमस्कार. तुमचा बोका लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-लघवीच्या ट्रेमध्ये, बसतोय, जोर लावतोय, बाहेर येतोय, पाच मिनिटांत पुन्हा आत जातोय आणि बॉक्समध्ये लघवीचा टिपूस नाही, असं आत्ता घरात चाललं असेल, तर व्हिडिओ इथेच थांबवा आणि व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, फोन लावा. रात्रीचे दोन वाजले असले तरी लावा. फोनवर एवढंच सांगा: "बोका आहे, कुंथतोय, लघवी होत नाहीये." पलीकडच्या माणसाला प्रसंग किती गंभीर आहे ते तेवढ्यात कळतं.

बाकीचे थांबा, सावकाश बोलू.

(कॅमेरा लिटर बॉक्सवर)

हा कालपासून न साफ केलेला बॉक्स. लिटर, म्हणजे बॉक्समधली वाळू, गोळा होणारं आहे, म्हणजे लघवी पडली की त्याचा घट्ट गोळा बनतो. हे बघा, एक, दोन, तीन गोळे, प्रत्येक मोठ्या लिंबाएवढा. निरोगी मोठं मांजर दिवसात साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं, त्यामुळे हे चित्र ठीक आहे. आता हा दुसरा बॉक्स. इथे वाटाण्याएवढे आठ-दहा गोळे आहेत, काही नुसते ओले ठिपके, आणि हा एक गुलाबी. मूत्राशयात दाह आहे, मांजराला सारखी भावना होतेय, पण दर वेळी थेंबभरच उतरतंय. आणि तिसरा बॉक्स, जिथे उकरल्याच्या खुणा भरपूर आहेत आणि गोळा एकही नाही. सगळ्यात वाईट हा.

म्हणून स्कूप करताना नुसतं काढून टाकू नका, मोजा. तुमच्या मांजराचा रोजचा आकडा तुम्हाला पाठ असला, तर बिघाड पहिल्याच दिवशी लक्षात येतो. एरवी मांजरं दुखणं फार लपवतात.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे हे कुंथणं बद्धकोष्ठता समजणं. पाठ वाकवून जोर लावणारं मांजर दोन्हींत जवळजवळ सारखंच दिसतं. मग कोणी रेचक देतं, कोणी उद्या सकाळपर्यंत वाट बघतं आणि हातातले तास निघून जातात. शी कधी झाली होती ते आठवा, पण लघवी झाल्याचं डोळ्यांनी दिसलं नसेल तर लघवी अडली आहे असंच धरून चाला. बोका पोटाखालचा भाग सारखा चाटत असेल, बॉक्समध्ये ओरडत असेल, कोपऱ्यात जाऊन बसला असेल, उलटी केली असेल, तर शंकेला जागाच नाही.

बोकाच का? मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब असतो आणि शिश्नापाशी जेमतेम एक मिलिमीटर उरतो. तिथे श्लेष्मा, पेशी आणि स्फटिक यांचा चिकट बोळा अडकतो, किंवा बारीकसा खडा. कधी काहीच अडकलेलं नसतं, नुसत्या सुजेने आणि स्नायू आवळल्याने वाट बंद होते. नसबंदी झालेला बोका यातून सुटत नाही.

वाट बंद झाली तरी मूत्रपिंडं लघवी तयार करतच राहतात. मूत्राशय ताणून कडक होतं, दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो आणि बाहेर पडायला हवा तो पोटॅशियम रक्तात साठतो. तो वाढला की हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात. लघवी पूर्ण अडली असेल तर साधारण २४ तासांत रक्तात विषारी द्रव्यं चढू लागतात आणि दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. शेवटी तो कुंथायचा थांबतो, गप्प पडून राहतो, अंग गार लागतं. याला कृपा करून "आता बरं वाटतंय" समजू नका.

निघेपर्यंत काय करू नये ते सांगते. पोट दाबून लघवी काढू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. सिरिंजने बळजबरी पाणी पाजू नका, त्याने वाट मोकळी होत नाही. आणि पॅरासिटामॉल अजिबात नको, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही नको. कॅरियरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत, टॉवेल टाका आणि निघा.

तिथे रक्त तपासतील, पोटॅशियम किती ते बघतील, ईसीजी लावतील. पोटॅशियम फार वाढलेला असेल तर हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट, सोबत सलाईन. मग गुंगी देऊन कॅथेटर, म्हणजे मूत्रमार्गात घालायची बारीक नळी, आणि सलाईनने बोळा धुऊन काढणं. कॅथेटर बहुधा एक ते तीन दिवस ठेवतात. "लघवी झाली ना, मग आजच घरी नेतो" असं म्हणावंसं वाटतं, खर्चही डोळ्यांसमोर असतो. पण अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडं भसाभस लघवी बाहेर टाकतात, तेवढं पाणी शिरेतून भरून दिलं नाही तर बोका पुन्हा कोसळतो.

आता लघवी होतेय, पण थोडी थोडी आणि रक्तासह, अशी मांजरं. दहा वर्षांखालच्या मांजरांत यातल्या निम्म्याहून जास्त वेळा ना खडा सापडतो, ना जंतू. मूत्राशयाचा हा दाह ताणाशी जोडलेला असतो: घरात नवं मांजर, घर बदलणं, बॉक्सची जागा हलवणं. तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच असतो, तरी प्रतिजैविक मागितलं जातं. हा दाह बहुतेकदा आठवडाभरात आपोआप ओसरतो आणि श्रेय गोळीला मिळतं. खरी गरज वेदनाशामकाची असते, तेही व्हेटने दिलेल्या. पलंगावर किंवा बाथरूमच्या फरशीवर लघवी झाली तर रागावू नका. त्याला बॉक्समध्ये दुखलंय म्हणून ते दुसरी जागा शोधतंय, सूड उगवत नाहीये.

वय दहाच्या पुढे असेल तर हिशेब बदलतो. तिथे जंतुसंसर्ग खरोखर असू शकतो, आणि गोळे अचानक मोठे व्हायला लागले, पाण्याचं भांडं लवकर रिकामं व्हायला लागलं, तर मूत्रपिंड, मधुमेह आणि थायरॉइड तपासून घ्या.

खड्यांचं थोडक्यात: खड्यांचे मुख्य प्रकार दोन. स्ट्रुव्हाइटचे खडे खास आहाराने काही आठवड्यांत विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. नमुना घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत नसलेले स्फटिकही तयार होतात.

पाण्याबद्दल मात्र मी आग्रहाने बोलणार आहे. मांजराला किलोमागे दिवसाला साधारण ५० मिलिलिटर पाणी लागतं, खाण्यातलं धरून. म्हणजे चार किलोच्या मांजराला २००. कोरड्या खाद्यात आठ-दहा टक्के पाणी असतं, ६० ग्रॅम खाल्लं तर पाच-सहा मिलिलिटर. ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के, २५० ग्रॅममध्ये जवळपास सगळी गरज भागते. कोरडं खाणारं मांजर उरलेलं सगळं पिऊन भरून काढत नाही, लघवी घट्ट राहते. कोरड्यावरून ओल्या खाद्यावर जाण्याचा बदल सात ते दहा दिवसांत, थोडं थोडं मिसळून करा. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका, विशेषतः लठ्ठ मांजराला, यकृतावर चरबी चढते.

बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवा, मांजराच्या लांबीच्या दीडपट, बिनवासाचं लिटर. आणि वेगवेगळ्या जागी. तीन बॉक्स एका ओळीत ठेवलेत तर मांजराच्या लेखी तो एकच.

लघवी अडलेला बोका घरी परत आला की पहिला आठवडा सर्वात धोक्याचा, पुन्हा अडण्याची शक्यता तेव्हाच जास्त. घरात आणखी मांजरं असतील तर त्याला एका खोलीत स्वतःच्या बॉक्ससह ठेवा, नाहीतर गोळा कोणाचा हे कळणार नाही. सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा. रात्रभरात एकही गोळा नाही किंवा कुंथणं परत दिसलं, तर वाट न बघता फोन. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो हे आज दिवसाउजेडी विचारून ठेवा आणि तो नंबर कॅरियरच्या झाकणावर चिकटवा.