फॅक्स पोचला की नुसता निघाला? छोट्या ऑफिससाठी ऑनलाइन फॅक्स निवडताना

[टेबलावर पिवळट कागदाचा रोल. मी तो उचलून कॅमेऱ्याजवळ धरतो.]

नमस्कार मंडळी. हे ओळखलं का? तिशीच्या आतले म्हणतील, कार्ड स्वाइप मशीनचा कागद. नाही, हा बराच मोठा आहे. 210 मिलिमीटर रुंद, 30 मीटर लांब. फॅक्सचा थर्मल रोल. बाबांचं सीताबर्डीला एसटीडी-पीसीओ आणि फॅक्सचं दुकान होतं, त्यातला हा शेवटचा उरलेला. या कागदावरचा लेप उष्णता लागली की काळा पडतो, मशीन त्याच जोरावर छापायची. आमच्याकडे हा टिनाच्या कपाटात पडून होता, आणि नागपूरचे मे महिने त्याने किती काढले कोणास ठाऊक. बघा, कडा पार काळ्या झाल्यात. एकही फॅक्स न येता अर्धा छापून झालाय.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, आजच्या काळात फॅक्सवर व्हिडिओ काहून करून राहिला? तर माझं ऑफिसच फॅक्सवर चालतं. त्रिमूर्ती नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, चार माणसं, काम अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मेडिकल बिलिंगचं. तिकडचे दवाखाने आणि इन्शुरन्सवाले मेडिकल रेकॉर्ड, प्रायर ऑथ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, अपील, हे सगळं आजही फॅक्सवर मागतात. ईमेलवर पाठवतो म्हटलं की समोरची बाई शांतपणे फॅक्स नंबर वाचून दाखवते.

तुमचं तसं नसेल, म्हणजे कळमन्यात संत्र्याचा व्यापार असेल, हिंगण्याच्या एमआयडीसीत वर्कशॉप असेल आणि गिऱ्हाईक सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर असेल, तर व्हिडिओ इथेच बंद करा. खरंच. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने 2019 पासून नवी फॅक्स मशीन घेणंच बंद केलं. ज्याचं गिऱ्हाईक फॅक्स मागतं, त्यानेच हा खर्च करावा.

[रोल बाजूला.]

ज्यांना लागतो, त्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो घरातल्या जुन्या मशीनचा. फायबरच्या राउटरला फोनची खाच असते, तिथे लावून टाकू. मीही लावली होती. तीन पानं गेली, चौथ्याला मशीन नुसती किंचाळत बसली. कारण सोपं आहे. इंटरनेटवरचा फोन माणसाच्या आवाजासाठी बनलाय. मधला एखादा तुकडा गळला तरी आपल्या कानाला कळत नाही, फॅक्सच्या सुरातला गळला की ओळ गेली, कधी अख्खा कॉल गेला. त्यासाठी 1998 मध्ये टी.38 नावाचं वेगळं मानक आलं, पण ते दोन्ही टोकांना आणि मधल्या कंपनीलाही चालवता यावं लागतं. आणखी एक अडचण म्हणजे अमेरिकन इन्शुरन्सचे बरेच फॅक्स नंबर 800 किंवा 888 ने सुरू होणारे, टोल फ्री. ते आपल्या लँडलाइनवरून बहुतेक वेळा लागतच नाहीत. म्हणून ऑनलाइन सेवा. तुम्ही पीडीएफ चढवता, कंपनी तिकडच्या तिकडे लोकल कॉल लावते.

मग लोक तक्ते उघडतात. महिन्याला किती डॉलर, किती पानं. मी ते तक्ते आता बघत नाही, आणि त्यामागे एक किस्सा आहे.

बाबा दुकानात फॅक्स लावून द्यायचे, पण मशीनमधून रिपोर्ट निघाल्याशिवाय गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नसत. रिपोर्टवर ‘ओके’ असलं तरी समाधान नाही. बोट ठेवून पानांचा आकडा बघायचे. गिऱ्हाईक घाईत असायचं, बाबांना घाई नसायची. मला हा त्यांचा हट्ट वाटायचा.

[खुर्ची पुढे ओढतो.]

ऑफिस काढल्यावर पहिल्याच वर्षी एका क्लेमचं डिनायल आलं, म्हणजे इन्शुरन्सने पैसे नाकारले. अपील तयार केली. पत्र, चार्ट नोट्स, लॅब रिपोर्ट मिळून 22 पानं. मुदतीला दोन दिवस होते. रात्री साडेअकराला पाठवली, तेव्हा न्यूयॉर्कला दुपार असते. स्क्रीनवर हिरवी खूण आली, ‘सेंट’. आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो, घरी गेलो.

तीन आठवड्यांनी फोन केला तर तिकडून उत्तर, आमच्याकडे नऊ पानं आली, अपील अपुरी, मुदत संपली. मी तावातावाने लॉग उघडला. पहिला प्रयत्न, लाइन बिझी. दुसरा प्रयत्न, नवव्या पानानंतर कॉल तुटला. तिसरा प्रयत्नच नाही. आणि ती हिरवी खूण? तिचा अर्थ इतकाच की तुमची फाइल आमच्या रांगेत लागली. पोस्टाच्या डब्यात पत्र टाकलं म्हणजे पोचलं असं आपण म्हणतो का? क्लेमचे पैसे गेले आणि डॉक्टरांसमोर मान खाली गेली ती वेगळी.

बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "काहून रे, रिपोर्ट नाही पाह्यला का?"

तेव्हापासून माझी पहिली चाचणी पावतीची. फॅक्सच्या जुन्या नियमातच एक सुंदर गोष्ट आहे. प्रत्येक पानानंतर समोरचं मशीन उलट खूण देतं, की हे पान मिळालं, पुढचं पाठव. म्हणजे किती पानं पोचली हे पाठवणाऱ्याच्या बाजूला पक्कं माहीत असतं. सेवा ते तुम्हाला दाखवते की नाही, एवढाच प्रश्न. पावतीवर समोरचा नंबर, तारीख, वेळ कोणत्या टाइम झोनची ते, किती पानांपैकी किती पानं, आणि शक्यतो पहिल्या पानाचं छोटं चित्र हवं. बिझी लागलं तर किती वेळा आणि किती मिनिटांनी पुन्हा लावणार, ते लिहिलेलं हवं. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, त्याच्या पहिल्या अपीलला 120 दिवस मिळतात. वाद झाला तर ते 120 दिवस मोजायला तुमच्या हातात हीच पावती असते. समोरच्या माणसाने कागद वाचला याची हमी मात्र ती देत नाही. त्यासाठी फोनच करावा लागतो.

[स्क्रीनवर लेटरहेड.]

दुसरी गोष्ट, नंबर कोणाचा? सेवा घेतली की तुम्हाला अमेरिकेतला एक फॅक्स नंबर मिळतो. तो लेटरहेडवर जातो, दहा दवाखान्यांच्या यादीत जातो, इन्शुरन्सच्या रेकॉर्डला जातो. वर्षभराने सेवा आवडली नाही तर नंबर घेऊन दुसरीकडे जाता येईल का? पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. काही ठिकाणी नंबर आणता येतो, नेता येत नाही. आणि सोडलेला नंबर काही दिवसांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो. पेशंटचे कागद मग कुठल्या तरी टायरच्या दुकानात जाऊन पडतील. म्हणून बदलताना जुनी सेवा दोन-तीन महिने चालू ठेवायची, जीव तुटला तरी.

यात आपल्या देशाची एक खास मेख आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे, नियम लागू झाले आणि परदेशी साइटचं दरमहा आपोआप कापलं जाणारं पेमेंट भारतीय कार्डावर अडकायला लागलं. पेमेंट फेल, खातं बंद, नंबर गेला. तुम्ही तिकडे दिवाळीच्या फराळावर. शक्य असेल तिथे वर्षाचे पैसे एकदम भरा किंवा तारीख भिंतीवर लिहून ठेवा. कार्डावर परदेशी चलनाचा चार्ज लागतो, आणि जीएसटी नंबर असेल तर परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे कर विकणाऱ्याऐवजी आपणच भरायचा, ते सीएला आधीच सांगा. नाहीतर मार्चमध्ये तेच तुम्हाला सांगतील.

तुलना करताना आणखी एक गंमत. ईफॅक्स, मायफॅक्स आणि मेट्रोफॅक्स हे तीन पर्याय समोर ठेवून डोकं खाजवत असाल, तर तिन्ही एकाच कंपनीचे आहेत, कन्सेन्सस क्लाउड सोल्युशन्सचे. वाईट काही नाही त्यात, पण ते एकाच घरातले तीन भाऊ आहेत, हे माहीत असावं.

आता पान. एक पान म्हणजे एक पान, असं वाटतं ना? काही सेवांच्या अटींत 60 सेकंदांत जेवढं जाईल ते एक पान. फॅक्सला रंग आणि करडी छटा कळत नाही, फक्त काळा ठिपका किंवा पांढरा ठिपका. एका ओळीत 1728 ठिपके. फाइन दर्जात ए फोर पानाच्या साधारण 2290 ओळी होतात. गुणाकार केला तर जवळजवळ 40 लाख ठिपके. नेहमीच्या 14,400 बिट प्रति सेकंद वेगाने ते जसेच्या तसे पाठवले तर साडेचार मिनिटं लागतील. मग टाइप केलेलं पत्र अर्ध्या मिनिटात कसं जातं? कारण त्यात पांढरी जागा जास्त. सलग दोनशे ठिपके पांढरे असले की मशीन दोनशे वेळा सांगत नाही, एकदाच सांगते. पण मोबाइलने काढलेला फोटो चढवला, त्यात कागदाची सावली, टेबलाचं लाकूड, कोपऱ्यात अंगठा, तर सगळीकडे बारीक दाणे येतात, पांढरं सलग उरतच नाही. ते एक पान तीन पानांच्या भावाने जातं, आणि वाटेत तुटण्याची भीतीही जास्त. आमच्या ऑफिसमधल्या ताईंनी नियमच केलाय. स्कॅन काळा-पांढरा, आणि हायलायटर बंद. गुलाबी हायलायटरने रंगवलेला पॉलिसी नंबर तिकडे काळी पट्टी होऊन निघतो. महत्त्वाचं म्हणून रंगवलेलं, तेवढंच नेमकं झाकलं जातं.

हेल्थकेअरवाल्यांसाठी थोडं. पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकेचा 1996 चा हिपा कायदा आपल्यालाही करारातून चिकटतो. फॅक्स सेवा पेशंटचे कागद साठवून ठेवणार असेल तर तिने ती माहिती जपण्याच्या करारावर, म्हणजे बिझनेस असोसिएट अ‍ॅग्रीमेंटवर सही करायला हवी. फुकट आणि सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये बहुतेक ती मिळत नाही. नाही म्हणाले, तर आपणही नाही म्हणायचं. आलेला फॅक्स ईमेलला जोडून येऊ देऊ नका, नुसती सूचना यावी आणि कागद लॉगिन करून बघावा. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. कव्हर पेजवर पेशंटचं नाव नको. नंबर टाकताना एकाने वाचायचा, दुसऱ्याने बघायचा.

[लॅपटॉप कॅमेऱ्याकडे वळवतो.]

शेवटी ट्रायल. ट्रायलमध्ये लोक ‘हॅलो टेस्ट’ लिहिलेलं एक पान पाठवतात आणि खूश होतात. मी सगळ्यात वाईट कागद पाठवतो. हा बघा. फिकट शिक्का, निळ्या पेनची सही, बारीक अक्षरांचा तक्ता, आणि मुद्दाम ए फोरवर. इथून आमच्याच दुसऱ्या सेवेच्या नंबरवर, अमेरिकन वेळेनुसार भर दुपारी, कारण गर्दीतच खरं कळतं.

पाठवला. थांबू थोडं.

आली पावती. पानं: 2 पैकी 1? तुम्हीही गोंधळलात ना? एकच पान होतं. ए फोर 297 मिलिमीटर लांब असतो, अमेरिकेचा लेटर कागद 279. तिकडच्या सेवेने त्याच मापाने पान कापलं, खालचे 18 मिलिमीटर उरले, त्याचं दुसरं पान झालं. आणि ते दुसरं पोचलंच नाही. आता आलेला फॅक्स उघडतो. शिक्का दिसतोय, तक्ता वाचता येतोय, सही... सही खालच्या पट्टीत होती. तीच गेली.

ताई, ते पान लेटर साइजला करून द्या हो, परत लावतो.