अर्धी तुळस

नमस्कार मंडळी. जेवणं झाली नसतील तर ताट घेऊन बसा, जेवता जेवता ऐका. विषय सुयांचा आहे, पण घास अडकेल असं मी काही बोलणार नाही.

मी कोल्हापुरात टॅटू काढतो. दुकानाच्या बोर्डावर 'टॅटू स्टुडिओ' लिहिलंय, पण शेजारचा चहावाला गिऱ्हाईक पाठवताना 'त्या गोंदणाऱ्याकडं जा' म्हणतो, आणि मला तेच बरं वाटतं. मूळचा मी पेंटर. गाड्यांच्या नंबर प्लेटी, तालमीचे बोर्ड, गणपतीत मंडळाचे पडदे, हे सगळं केलंय. मग फ्लेक्स आला आणि आमच्या ब्रशाला गिऱ्हाईक राहिलं नाही. या गावाला कलापूर म्हणायचं, बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला म्हणून अभिमान सांगायचा, आणि चौकात बघावं तर सतरा वाढदिवसांचे फ्लेक्स, सगळ्यांचे गॉगल सारखे. असो. तो विषय काढला की माझं भाषण लांबतं.

तर पेंटर मोठं अक्षर भिंतीवर कसं उतरवायचा? कागदावर काढायचं, रेषेवरनं टाचणीनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरनं खडूची पूड मारायची. आता गंमत बघा. आम्ही वापरतो त्या मशीनचा आजा हेच काम करायचा. एडिसननं १८७६ साली विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं. ती कागदाला बारीक भोकं पाडायची, मग त्या कागदावरनं शाई फिरवून मजकुराच्या प्रती काढायच्या. पुढं १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं त्याच धर्तीचं मशीन कातडीसाठी केलं. म्हणजे मी धंदा बदललाच नाही. कागदाच्या जागी माणूस आला एवढंच.

कातडीचं थोडक्यात सांगतो. वरचा पापुद्रा सारखा झडत असतो, तिथं शाई ठेवली तर महिन्याभरात गेली. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात जाते, दीड-दोन मिलिमीटर, जास्त नाही. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की दुसरी तेच कण गिळते. म्हणून गोंदण जन्मभर राहतं. आणि काजळीची काळी शाई कातडीखालनं निळसर-हिरवी दिसते, म्हणून आजीच्या हातावरचं गोंदण हिरवं. हिरवा रंग कुणी भरलेला नसतो.

आता रीतभात. पहिली गोष्ट, आणि ही मी दोनदा सांगणार. सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडलं पाहिजे. परत सांगतो, डोळ्यांदेखत. शाई लहान टोपणात काढलेली, उरली तर टाकून द्यायची, परत बाटलीत ओतायची नाही. हातमोजे नवे. वापरलेली सुई त्या पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. जत्रेत एकच सुई दिवसभर शंभर हातांवर फिरायची, तो काळ गेला, आणि गेला ते बरं झालं. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, सगळं त्या एका सुईनं पसरू शकतं. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, तेही याच कारणानं.

दुसरं, उपाशी यायचं नाही. नवरात्रात पोरं नऊ दिवसांचा उपास धरून अंबाबाईचं नाव गोंदायला येतात आणि दहाव्या मिनिटाला पांढरी पडतात. मी परत पाठवतो. मिसळ खाऊन ये म्हणतो, दोन ब्रेड जास्त घे. (ब्रेडच. पाव मागणारा माणूस कोल्हापूरचा नव्हे, हे माझं मत आहे, आकाशवाणीचं नाही.)

तिसरं. देवाचं चित्र आणि महाराजांचं चित्र कमरेखाली काढत नाही. पोटरीवर शिवमुद्रा पाहिजे म्हणून एक जण हजारो रुपये घेऊन आला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आणि शिवमुद्रा दंडावर काढायची झाली तरी आधी शुद्ध लिहून आणा. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रात 'वर्धिष्णु'चा पाय कुठंतरी मोडलेला असतो. 'विश्ववंदिता'तली पहिली वेलांटी सुटली तर दोष कुणाला? मलाच. फळ्यावरची चूक पुसता येते हो. मराठीच्या बाईंनी ऱ्हस्वदीर्घासाठी मारलेली छडी मला या धंद्यात उपयोगी पडली.

चौथं, भरतीची पोरं. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घराघरांत फौजी. पोरगं अठराचं झालं की धावायला लागतं आणि त्याच जोशात दंडावर वाघ काढायला येतं. लष्करात साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी टॅटू चालतो. वाघ दंडावर बसला की पोरगं भरतीला बाद. म्हणून मी आधी विचारतो, पळायला कुठं जातोस रे? शिवाजी विद्यापीठाच्या ग्राउंडवर म्हणाला, की ओळखायचं. अठराच्या खालच्याला तर आई घेऊन आली तरी नाही.

आणि पाचवं, आमच्या धंद्यातलं आपसातलं. दुसऱ्यानं केलेल्या कामात हात घालायचा नाही. अर्धं राहिलं असेल तर ज्यानं सुरू केलं त्याच्याकडं पाठवायचं, निदान त्याला विचारायचं. दरात घासाघीस नाही. आणि खुर्चीभोवती गर्दी नाही, एकाच्या बरोबर एकच माणूस. हे तिन्ही नियम मी पाटीवर रंगवून लावलेत. आणि हे तिन्ही नियम मी एकाच दुपारी मोडले. तीच गोष्ट सांगायला मी खरं तर आज आलोय.

गुऱ्हाळं सुरू होती, म्हणजे माघातले दिवस. पन्हाळ्याकडच्या एका वाडीवरनं जीप भरून बायका अंबाबाईला आल्या होत्या, त्यातल्या सहा जणी सरळ माझ्या दुकानात. पुढं दोन म्हाताऱ्या, सख्ख्या बहिणी. धाकटी पंच्याहत्तरीच्या पुढची. वय नेमकं विचारलं तर म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला तवा माझा थोरला रांगत हुता. आता तूच मोज." म्हणजे १९६७. थोरली तिच्याहून तीन वर्षांनी मोठी.

धाकटीनं पदर मागं सारला आणि हात पुढं केला. कोपराच्या खाली आतल्या बाजूला गोंदण. तुळशीवृंदावनाच्या पायऱ्या, वर खोड, उजव्या अंगाला फांद्या, फांदीच्या टोकाला ठिपके. डाव्या अंगाला काहीच नाही. चक्क कोरी कातडी.

"ही पुरी करून दे," म्हणाली.

घडलं होतं असं. बाळपणी दोघी बहिणी आईबरोबर जोतिबाच्या चैत्राच्या जत्रेला गेल्या. सासनकाठ्या, गुलाल, चांगभलं, आणि एका कडेला गोंदणारीण गाणं म्हणत बसलेली. दोघींचं दोन-दोन आण्याला ठरलं. थोरली आधी बसली, हूं की चूं न करता उठली. धाकटीची अर्धी तुळस झाली आणि तिनं हात हिसडून जी धूम ठोकली ती गर्दीतनं थेट पायऱ्यांपर्यंत. गोंदणारीण म्हणाली, दोन आणे ठरलेत. आई म्हणाली, अर्ध्या तुळशीचा एक आणा. भांडण झालं. आईनं एकच आणा दिला. आणि तेव्हापासून ही माहेरी, सासरी, सगळीकडं 'अर्ध्या तुळशीची'. सासू तर म्हणायची, कुठलंच काम हिच्या हातनं पुरं व्हायचं नाही, हात बघा.

आता मी काय करणार? जिनं काम सुरू केलं तिला विचारायची सोय नाही. पहिला नियम तिथंच गेला. दुसऱ्या नियमाला तर म्हातारीनं उभंच राहू दिलं नाही. पाटीवरचा कमीत कमी दर नातवानं वाचून दाखवला. म्हातारी म्हणाली, "मी अर्धीच काढून घेतो. अर्ध्याचं पैसं अर्धं." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, शहरातली मंडळी हसतात, हसू देत. मी म्हटलं, आजी, गोळ्या कसल्या चालू आहेत? बीपीची होती, साखरेची होती. म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, त्याशिवाय सुई लावणार नाही. वाटलं, प्रकरण मिटलं.

पंधरा दिवसांनी चिठ्ठी घेऊन हजर. परत सहाच्या सहा बायका. तिसरा नियम संपला. खुर्चीभोवती सगळ्या मांडी घालून बसल्या, एकीनं भुईमुगाच्या शेंगा काढल्या.

डावी बाजू काढायची तर नमुना पाहिजे. उजवीकडची उलटी करून छापली असती, सोपं होतं. पण धाकटी म्हणाली, न्हाई, आक्काच्या हातावर पुरी हाय, ती बघून काढ. मग थोरलीचा हात घेतला. थोरलीचा रुबाब काय सांगू, जणू मुंबईच्या प्रदर्शनाला चित्र पाठवत होती. "बघ नीट. एक ठिपका कमी न्हाई माझा."

साठ-पासष्ट वर्षांत शाई पसरते. रेषा जाड होतात, जवळचे ठिपके एकमेकांत मिसळतात. धाकटी म्हणायची डाव्या अंगाला पाच ठिपके, थोरली म्हणायची सात. दोघींची जुंपली. "तू तवा पळाली हुतीस, तुला काय ठावं?" "पळाली तरी डोळं हुतं मला!" मी दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं, डाव्या हाताच्या दोन बोटांनी थोरलीची कातडी हळू ताणली. ताणली की मिसळलेले ठिपके सुटे होतात. उजव्या अंगाला मोजले, सात. डाव्या अंगाला मोजले. परत मोजले.

मंडळी, वेळ संपत आला असं काचेपलीकडनं खुणावतायत, म्हणून गोंदल्यावरची काळजी भराभर सांगून घेतो. दोन-तीन आठवडे रंकाळ्यात, पंचगंगेत, विहिरीत पोहायचं नाही. पैलवान असाल तर तालमीतल्या मातीच्या हौदात उतरायचं नाही, तांबडी माती कितीही पवित्र असली तरी ओल्या जखमेला ती मातीच. खपली धरली की खाजतं, नखं लावायची नाहीत. हळद थापायची नाही. कडक ऊन नको. खपली ओढायची नाही, परत सांगतो, ओढायची नाही, खपलीबरोबर शाई निघते. लाल होऊन सुजलं, पू झाला, ताप आला तर माझ्याकडं नव्हे, डॉक्टरकडं. झालं.

तर डाव्या अंगाला सहा.

मी म्हटलं, आजी, तुमचाही एक ठिपका राहिलाय. दुकानात शेंगा फोडल्याचा आवाजसुद्धा बंद झाला. थोरलीनं भिंग माझ्या हातातनं घेतलं, स्वतः बघितलं, सुनेला दाखवलं, नातवाला मोजायला लावलं. सहाच. आणि धाकटी! ती अशी हसायला लागली की तिला खुर्चीत बसवायला दहा मिनिटं गेली. "अगं आक्का, तूबी अर्धीच की गं!"

धाकटीचं काम तासाभरात झालं. म्हातारपणीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यागत असते, जरा खोल गेलं की शाई आत फुटते आणि रेषेभोवती निळी सावली धरते. म्हणून सुई जेमतेम टेकवत, थांबत थांबत काढलं. मी शाई पातळ करत होतो, जुन्या बाजूला रंग जुळावा म्हणून. तर मला थांबवलं. म्हणाली, "पानी कशाला घालतोस? काळं घाल. ती बाजू आईच्या पैशाची, ही माझ्या." आख्ख्या वेळात ओरडली नाही. डाव्या अंगाला सातच ठिपके काढून घेतले. पैसे पाटीवरच्या दराच्या निम्मे दिले, ठरल्याप्रमाणे. वर घरच्या गुऱ्हाळाचा पाच किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप. हिशेब केला तर रव्यासकट दर पुरा होत होता, हे माझ्या बायकोनं मला घरी गेल्यावर सांगितलं.

थोरली मात्र जाताना एक शब्द बोलली नाही. मी तिला म्हटलं होतं, तुमचा ठिपका आत्ता नाही, तुम्हीही चिठ्ठी आणा. रागानं पदर घेऊन जीपमध्ये जाऊन बसली.

आठ दिवसांनी आली. एकटीच, नातवाच्या मोटरसायकलवर, हातात चिठ्ठी. एका ठिपक्यासाठी मी सुईचं नवं पाकीट फोडलं, नवे मोजे घातले, टोपणात शाईचा थेंब काढला. तयारीला पाव तास. काम अर्ध्या मिनिटाचं. आजीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. मी म्हटलं, आजी, उघडा, झालं.

तिनं हात दिव्याखाली धरला, सात मोजले आणि म्हणाली, "एवढ्यासाठी पळाली हुती व्हय ती?"