दमून आलेल्यांचं जेवण

नमस्कार श्रोतेहो.

दिवसभर उन्हातान्हात राबून घरी आलेल्या माणसाला भूक मरणाची लागलेली असते, आणि गॅस पेटवायचं मात्र अगदी जिवावर येतं. इंदूरजवळ सांवेर-देपालपूरकडे गव्हाची कापणी चालू असो, बायपासला एखाद्या बिल्डिंगचा स्लॅब पडत असो, की विजेच्या खांबावर चढून तारा जोडायचं काम असो, संध्याकाळी सगळ्यांची गत सारखीच. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. त्यातही जास्त करून त्या बाईसाठी, जी नवऱ्याच्या बरोबरीनं शेतातून येते. तो ओट्यावर टेकतो आणि ही पदर खोचून पिठाचा डबा उघडते. माळव्याचं कौतुक करताना आपण 'पग-पग रोटी, डग-डग नीर' म्हणतो. ती रोटी भाजायला कुणीतरी तव्यापाशी उभं असतं, हे कौतुकाच्या भरात राहून जातं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, दमल्या दिवशी पोळी, भाजी, वरण, भात असा साग्रसंगीत स्वयंपाक मांडूच नये. धान्य आणि डाळ एका भांड्यात शिजवावी, वर तूप सोडावं, आणि करणारीनंही सगळ्यांबरोबर पानावर बसावं. यात पोटाची आबाळ मुळीच होत नाही. गहू-तांदळात जे प्रथिनांचं अंग कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढतं. आपल्या आज्यांनी खिचडी आजारी माणसासाठी राखून ठेवली नव्हती, ती आपण ठेवली.

आल्या आल्या जेवायला बसू नका, आधी ताक प्या. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी कितीही ढोसलं तरी तरतरी येत नाही. ताकात मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, असलाच तर पुदिना. एप्रिलमध्ये कैरीचं पन्हं. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आता दलिया. आपल्या भागातला कठीण जातीचा माळवी गहू रव्याला आणि दलियाला फार चांगला, शिजला तरी दाणा गिचगिचत नाही. एक वाटी दलिया तुपावर खमंग भाजायचा. भाजायचा आळस केलात तर खळ होते, एवढं लक्षात ठेवा. अर्धी वाटी मूगडाळ, चार-पाच लसूणपाकळ्या, हळद, हिंग, थंडीच्या दिवसांत मूठ-दोन मुठी मटार आणि एखादा बटाटा. पाच वाट्या पाणी, मीठ, कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. तेवढ्यात हातपाय धुऊन होतात. जानेवारीत रात्रीची वीज येते म्हणून गव्हाला पाणी द्यायला जाणारे असतात. गुडघाभर गारठ्यातून आलेल्या माणसापुढे हा वाफाळता दलिया ठेवून बघा, सोबत पापडही मागणार नाही.

पण माझा खरा जीव आहे तो वरणफळांवर. कुणी चकोल्या म्हणतात, शेजारच्या गुजराती काकू दाळढोकळी म्हणतात, थोडाथोडा फरक आहे, पण पोट सारखंच भरतं. एक वाटी तूरडाळ सकाळीच शिजवून ठेवावी, म्हणजे संध्याकाळचं अर्धं काम झालं. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण. लसूण आपल्याकडे पिकतो भरपूर, हात आखडू नका. मग घोटलेली डाळ, सहा वाट्या पाणी, तिखट, गोडा मसाला, दोन आमसुलं, गुळाचा खडा. आमटी तुम्हाला पातळ वाटली पाहिजे, किंबहुना 'फार पाणी झालं की काय' असं वाटलं पाहिजे. फळं ते सगळं पिऊन टाकतात.

दोन वाट्या कणकेत चमचाभर बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचं. पोळी लाटून सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे. गोल झाली नाही तरी चालतं, म्हणून हे काम बिनधास्त मुलांकडे द्यावं. सगळी फळं एकदम लोटू नका. आमटीला खळखळून उकळी असताना एकेक सोडायचं, नाहीतर तळाशी एकच गोळा. पहिल्यांदा ती बुडतात, मग वर येऊन हलायला लागतात, कडा जराशा पारदर्शक दिसतात. दहा-बारा मिनिटं झाली की एक काढून बोटानं दाबायचं. मध्ये पांढरं कच्चं पीठ दिसलं नाही की झालं. ताटात घेतल्यावर वर तूप, लिंबू, कच्चा कांदा. आणि हो, वरून बारीक शेव. शेवेशिवाय इंदूरच्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, ते मी तरी कशाला नाकारू!

सोयाबीनबद्दल थोडं बोलते. आपल्या चहूबाजूंनी सोयाबीन पिकतं, त्यावर संशोधन करणारं केंद्र 1987 पासून इथेच, इंदुरात आहे, आणि आपल्या ताटात मात्र त्याचं फक्त तेल येतं. दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं असतात. मात्र सोयाबीन कच्चं दळून पिठात मिसळू नका. कच्च्या दाण्यातले काही घटक प्रथिनं पचूच देत नाहीत. उष्णतेनं ते निकामी होतात. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, कडक उन्हात खणखणीत वाळवायचं आणि मग नऊ किलो गव्हात एक किलो घालून गिरणीतून आणायचं. पोळीच्या चवीत फारसा फरक कळत नाही. एवढा व्याप नको असेल तर किराणा दुकानातल्या सोयावड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून त्या दलियात टाका. पिळल्या नाहीत तर त्यांचा वास राहतो, आणि मग घरातले 'हे काय घातलंस' म्हणून तोंड वाकडं करतात.

'आणि दाल-बाफले?' असं तुम्ही मनात विचारत असणार. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, पोटभरीचे खरे, सोपे मुळीच नाहीत. आधी उकडा, मग गोवऱ्यांच्या आरात भाजा, मग तुपात बुडवा, आणि खाऊन झाल्यावर माणूस आडवा होतो तो उठायचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तरच त्यांच्या वाटेला जावं. त्यातल्या त्यात सोय हवी असेल तर सकाळी उकडून ठेवा, संध्याकाळी आप्पेपात्रात झाकण ठेवून मंद आचेवर भाजा. गोवरीचा तो धुरकट वास येणार नाही, पण भूक तेवढं माफ करते.

एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. 2017 पासून स्वच्छतेत आपल्या शहराचं जे नाव झालं आहे, ते रात्रभर रस्ते झाडणाऱ्या हातांमुळे. त्या घरांत कामानंतरचं जेवण म्हणजे सकाळचं. बाहेर पोहे-जिलबी तयारच असते, पण ती न्याहारी झाली. रात्र काढलेल्या माणसाला त्यानं कसं पुरणार? त्यांच्यासाठी पिठलं. थालिपिठाची भाजणी डब्यात असेल तर आणखी बरं, कांदा-कोथिंबीर घालून तव्यावर थापली की झालं. सोबत दही.

उद्या शेतावर किंवा साइटवर जायचं असेल, तर आज निजायच्या आधी वाटीभर चवळी किंवा अख्खे मूग भिजत घाला. सकाळी निघताना पाणी बदला, आणि थंडी नसेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबतात. आल्यावर दोन मुठी तांदूळ, कांदा, टोमॅटो आणि गोडा मसाला घालून कुकर लावायचा. बरोबर ताकाची कढी करणार असाल तर बेसन थंड ताकातच घुसळून घ्या आणि मंद आचेवर ढवळत राहा. जोराची उकळी आली की कढी फुटते.

नमस्कार.